इसाओ ओकावा

इसाओ ओकावा (१९ मे, १९२६ – १६ मार्च, २००१) हे जपानी उद्योजक होते. संगणक-सेवा पुरवणाऱ्या सीएसके या उद्योगसमूहाचे ते संस्थापक. १९८४ पासून मृत्यूपर्यंत सेगा या व्हिडिओ गेम कंपनीची सूत्रे त्यांच्याकडे होती. सुरुवातीला ते संचालक मंडळाचे अध्यक्ष होते आणि मे २००० नंतर त्यांनी कार्यकारी प्रमुखपदही स्वीकारले. सेगाने गेम कन्सोल बनवण्याच्या व्यवसायातून बाहेर पडावे, असे मत ते दीर्घकाळ मांडत होते. तरीही त्याच व्यवसायासाठी त्यांनी १९९९ मध्ये कंपनीला सुमारे ५० कोटी डॉलर कर्जाऊ दिले. २००१ मध्ये तो व्यवसाय बंद झाला, तेव्हा हे कर्ज माफ करून त्यांनी स्वतःचे सुमारे ८५ अब्ज येन मूल्याचे समभागही सेगाच्या स्वाधीन केले. (या लेखात १ अब्ज म्हणजे १०० कोटी.) कन्सोलनिर्मितीतील अपयशानंतरही सेगा ही कंपनी टिकून राहिली, याचे मोठे श्रेय या देणगीला दिले जाते.

प्रारंभीची वाटचाल आणि सीएसके

ओकावा यांचा जन्म ओसाका येथे झाला. त्यांचे उच्च शिक्षण टोकियोतील वासेदा विद्यापीठात झाले. उद्योजक म्हणून त्यांचे नाव तुलनेने उशिरा पुढे आले. ऑक्टोबर १९६८ मध्ये त्यांनी ओसाका येथे संगणक-सेवा देणारी कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. हीच कंपनी पुढे सीएसके या नावाने ओळखली जाऊ लागली.

त्या काळी संगणक हे अवाढव्य आणि अतिशय महागडे यंत्र होते. जपानमधील बँका, विमा कंपन्या आणि कारखाने ते भाड्याने घेत किंवा विकत घेत. पण ते चालवणारी प्रशिक्षित माणसे त्यांच्याकडे पुरेशी नसत. ओकावा यांच्या कंपनीने हीच उणीव भरून काढली. ती ग्राहकांना यंत्रचालक आणि प्रोग्रॅमर पुरवत असे आणि त्यांच्या संगणक विभागाचा कारभार कंत्राटावर सांभाळत असे. या धंद्यात कारखाना लागत नाही, मालाचा साठा करावा लागत नाही आणि न खपलेला माल गोदामात पडून राहण्याची भीती नसते. खर्च प्रामुख्याने पगाराचा आणि उत्पन्न ठरलेल्या कराराचे. सीएसकेची वाढ याच पायावर झाली. १९८२ मध्ये कंपनीचे समभाग टोकियो शेअर बाजाराच्या दुसऱ्या विभागात नोंदवले गेले. जपानमधील स्वतंत्र सॉफ्टवेअर-सेवा कंपन्यांमध्ये हा मान मिळवणारी ती पहिली कंपनी होती. समूहाने पुढे कॉल सेंटर चालवणाऱ्या बेलसिस्टिम२४ सारख्या कंपन्याही उभ्या केल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या समभागांचे भाव गगनाला भिडले आणि ओकावा यांची गणना जपानमधील अतिश्रीमंतांमध्ये होऊ लागली. ही संपत्ती रोख स्वरूपात नव्हती. ती मुख्यतः स्वतःच्याच समूहाच्या समभागांत होती. पुढील घटना समजून घेताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो.

सेगाची खरेदी

सेगा ही १९६० च्या दशकात टोकियोत आकाराला आलेली, नाणे टाकून खेळायची यंत्रे बनवणारी कंपनी होती. १९६९ मध्ये ती गल्फ अँड वेस्टर्न या अमेरिकन उद्योगसमूहाने विकत घेतली. १९८३ मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. त्या समूहाचे प्रमुख चार्ल्स ब्लूडॉर्न यांचे निधन झाले आणि अमेरिकेतील व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळली. नव्या व्यवस्थापनाने सेगाचा अमेरिकेतील व्यवसाय विकून टाकला. जपानमधील व्यवसाय १९८४ मध्ये सेगाचे संस्थापक डेव्हिड रोझेन, तेथील कारभार पाहणारे हायाओ नाकायामा आणि ओकावा यांच्या सीएसकेने मिळून ३ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतला. पैशाचे मुख्य पाठबळ सीएसकेचे होते. ओकावा संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि नाकायामा कार्यकारी प्रमुख.

खरेदीच्या वेळी सेगा कन्सोलच्या धंद्यात नुकतीच उतरली होती. तिचे पहिले यंत्र, एसजी-१०००, हे १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आले. निन्टेन्डोचे फॅमिकॉमही नेमके त्याच दिवशी आले. सेगाच्या यंत्राची किंमत १५,००० येन होती, फॅमिकॉमची १४,८००. सेगाच्या स्वतःच्या अपेक्षेपेक्षा विक्री बरीच चांगली झाली, परंतु बाजारपेठ मात्र निन्टेन्डोने काबीज केली. ओकावा यांच्या वाट्याला आलेला कन्सोल व्यवसाय असा आरंभापासूनच दुसऱ्या क्रमांकावर होता.

कन्सोल व्यवसायाचे अर्थकारण

कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रातून सहसा फारसा नफा कमावत नाही. यंत्र उत्पादनखर्चाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी किमतीत विकले जाते. खरा नफा गेमच्या विक्रीतून येतो. कंपनीने स्वतः तयार केलेल्या गेमचा सगळा नफा तिचाच असतो. शिवाय इतर कंपन्यांनी त्या यंत्रासाठी काढलेल्या प्रत्येक गेममागे परवाना शुल्क मिळते. त्यामुळे आधी मोठी रक्कम ओतून लाखो घरांत यंत्रे पोहोचवायची आणि मग पुढील चार-पाच वर्षांत गेमद्वारे ती रक्कम वसूल करायची, असा हा व्यवहार असतो. यंत्रे पुरेशी खपली नाहीत तर बाहेरच्या कंपन्या गेम काढत नाहीत, आणि गेम नसले तर यंत्रे खपत नाहीत. या चक्रात सापडलेल्या कंपनीला संशोधनाचा, कारखान्यातील आगाऊ मागणीचा आणि जाहिरातींचा खर्च परत मिळवण्याचा मार्गच उरत नाही. सीएसकेच्या कंत्राटी सेवांच्या धंद्याहून हा धंदा किती वेगळा होता, हे यावरून लक्षात येते.

काही वर्षे सेगाने हे गणित यशस्वीपणे सोडवले. ऑक्टोबर १९८८ मध्ये जपानमध्ये आलेले आणि १९८९ मध्ये जेनेसिस या नावाने अमेरिकेत गेलेले मेगा ड्राइव्ह हे यंत्र मायदेशात मागेच राहिले. पण अमेरिकेत त्याने निन्टेन्डोला जेरीस आणले. तेथील उपकंपनीचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी यंत्राची किंमत उतरवली आणि १९९१ मध्ये सॉनिक हा नवा गेम यंत्रासोबतच देऊ केला. यंत्रावरचा नफा सोडण्याच्या या धोरणाला टोकियोतील व्यवस्थापनातून विरोध होता, तरीही नाकायामा यांनी त्याला संमती दिली. १९९२ च्या आरंभी अमेरिकेतील १६-बिट यंत्रांच्या बाजारपेठेतील सुमारे ६५ टक्के हिस्सा सेगाकडे होता. या काळात ओकावा यांचा दैनंदिन कारभारात फारसा हात नव्हता. सेगा ही सीएसकेची सर्वांत ठळक गुंतवणूक होती आणि ती उत्तम परतावा देत होती.

तोट्याची वर्षे

हे यश टिकले नाही. एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाताना सेगाने एकाच वेळी फार आघाड्या उघडल्या. १९९४-९५ या काळात मेगा ड्राइव्ह, त्याला जोडायचे सीडी उपकरण, त्यालाच जोडायचे ३२एक्स, हातात धरून खेळायचे गेम गिअर, लहान मुलांसाठीचे पिको आणि नवे सॅटर्न अशी सगळी यंत्रे कंपनी सांभाळत होती. प्रत्येकासाठी वेगळे गेम, वेगळा साठा आणि वेगळी जाहिरात करावी लागे. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत १५९ डॉलरला आलेले ३२एक्स अखेरीस २० डॉलरच्या आत विकून संपवावे लागले.

सॅटर्न जपानमध्ये २२ नोव्हेंबर १९९४ रोजी ४४,८०० येनांना बाजारात आले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच सोनीचे प्लेस्टेशन ३९,८०० येनांना आले. मे १९९५ मध्ये अमेरिकेत सेगाने ३९९ डॉलर किंमत जाहीर केली, आणि त्याच प्रदर्शनात सोनीने आपली किंमत २९९ डॉलर असल्याचे सांगितले. सॅटर्नची अंतर्गत रचना गुंतागुंतीची होती आणि त्यात सुट्या चिप अधिक होत्या. त्यामुळे सोनीइतक्या वेगाने त्याचा उत्पादनखर्च खाली आणणे शक्य नव्हते. किंमत उतरवावी तर प्रत्येक यंत्रामागे तोटा, न उतरवावी तर ग्राहक नाही, अशी स्थिती निर्माण झाली. सॅटर्नची जगभरातील विक्री १ कोटीच्या आतच राहिली, तर प्लेस्टेशनने १० कोटींचा टप्पा ओलांडला.

जानेवारी १९९७ मध्ये सेगा आणि खेळणी बनवणारी बान्दाई या कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. बान्दाईतील विरोधामुळे चार महिन्यांतच ती मागे घेण्यात आली. मार्च १९९८ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सेगाचा एकत्रित निव्वळ तोटा ३५.६ अब्ज येन होता. नाकायामा यांनी कार्यकारी प्रमुखपद सोडले. त्यांच्या जागी होंडा या वाहन कंपनीतून आलेले शोइचिरो इरिमाजिरी नेमले गेले.

ड्रीमकास्ट आणि ओकावा यांचे कर्ज

सॅटर्नच्या अपयशानंतर सेगापुढे दोन मार्ग होते. यंत्रे बनवणे थांबवून इतरांच्या यंत्रांसाठी गेम काढायचे, किंवा पुन्हा एकदा नवे यंत्र काढून नशीब आजमावायचे. ओकावा आणि रोझेन या दोघांचाही कल पहिल्या मार्गाकडे होता. कंपनीने दुसरा मार्ग पत्करला आणि मालक या नात्याने ओकावा यांनी त्याला पाठिंबा दिला. या दोन भूमिकांतील विसंगती त्यांच्या चरित्राचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. तिचे स्पष्टीकरण काही अंशी त्यांच्या दुसऱ्या एका विश्वासात सापडते. यंत्रांच्या धंद्यावर त्यांचा भरवसा नसला, तरी इंटरनेटवर होता. घरोघरी असलेले गेम कन्सोल हे सामान्य माणसाला इंटरनेटशी जोडणारे साधन ठरू शकेल, असे त्यांना वाटत होते.

नवे यंत्र, म्हणजे ड्रीमकास्ट, बनवताना खर्चाचा प्रत्येक पैसा तोलला जात होता. ते प्रामुख्याने बाजारात सहज उपलब्ध असलेल्या भागांवर आधारलेले होते. मुख्य प्रोसेसर हिताचीचा आणि चित्रे रंगवणारी चिप एनईसीची होती. अशा काटकसरीच्या रचनेतही प्रत्येक यंत्रात मोडेम बसवलाच पाहिजे, असा आग्रह ओकावा यांनी धरला. त्यामुळे यंत्रामागे सुमारे १५ डॉलरचा खर्च वाढत होता आणि सहकाऱ्यांचा त्याला तीव्र विरोध होता. दर दहा लाख यंत्रांमागे हा जादा खर्च दीड कोटी डॉलर भरतो, हे पाहिल्यास त्या विरोधाचे कारण कळते. परंतु निर्णय ओकावा यांच्याच मताप्रमाणे झाला. पुढे त्यांनी सॉनिक तयार करणाऱ्या गटाला ऑनलाइन खेळता येईल असा एक महत्त्वाचा गेम बनवण्याची सूचना केली. त्यातून डिसेंबर २००० मध्ये फँटसी स्टार ऑनलाइन हा गेम आला. घरगुती कन्सोलवर ऑनलाइन खेळण्याच्या प्रकाराची पायाभरणी करणाऱ्या गेममध्ये त्याची गणना होते.

ड्रीमकास्ट २७ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये आले. चित्रांच्या चिपचे उत्पादन अडखळल्यामुळे पुरेशी यंत्रेच तयार नव्हती. जो साठा होता तो पहिल्याच दिवशी संपला, आणि आणखी दोन-तीन लाख यंत्रे खपली असती असा इरिमाजिरी यांचा अंदाज होता. पुरवठा सुरळीत झाला तोपर्यंत मागणीचा जोर ओसरला होता. जून १९९९ मध्ये किंमत सुमारे ३० हजार येनांवरून १९,९०० येनांवर आणली गेली. विक्री वाढली, पण त्या किमतीला यंत्र विकणे तोट्याचेच होते.

अमेरिकेतील पदार्पणासाठी हातात पैसा हवा होता. मार्च १९९९ मध्ये संपलेल्या वर्षातही सुमारे ४२.९ अब्ज येनांचा तोटा झाला होता. याच टप्प्यावर, १९९९ च्या मध्यास, ओकावा यांनी सेगाला वैयक्तिकरीत्या सुमारे ५० कोटी डॉलर कर्ज दिले. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तिच्या अध्यक्षाने एवढी मोठी रक्कम स्वतः द्यावी, हे नेहमीच्या व्यवहारात बसणारे नव्हते. त्यातून ओकावा यांची निष्ठा दिसते, तशीच सेगाची आर्थिक परिस्थिती किती नाजूक होती हेही दिसते.

९ सप्टेंबर १९९९ रोजी ड्रीमकास्ट अमेरिकेत १९९ डॉलरला आले. पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली आणि सुमारे ९ कोटी ८० लाख डॉलरची उलाढाल झाली. मात्र खेळांवरील गेममध्ये आघाडीवर असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने या यंत्रासाठी एकही गेम काढला नाही. ती उणीव भरण्यासाठी सेगाने व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स ही कंपनी १ कोटी डॉलरला विकत घेतली. तो सौदा किफायतशीर ठरला. तिचे फुटबॉल आणि बास्केटबॉलचे गेम चांगले खपले. दुसरीकडे शेनमू या एकाच महत्त्वाकांक्षी गेमवर साडेचार कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. ड्रीमकास्टच्या मर्यादित ग्राहकवर्गातून हा खर्च भरून निघणे अवघड होते.

याच काळात सोनीने प्लेस्टेशन २ ची घोषणा केली होती. ते यंत्र डीव्हीडी चित्रपटही दाखवणार होते. अनेक ग्राहकांनी स्वस्त ड्रीमकास्ट घेण्याऐवजी वाट पाहणे पसंत केले. मार्च २००० अखेरच्या वर्षात सेगाला पुन्हा जवळपास तेवढाच, म्हणजे सुमारे ४२.९ अब्ज येनांचा तोटा झाला.

कार्यकारी प्रमुख आणि कन्सोल व्यवसायाचा शेवट

२२ मे २००० रोजी इरिमाजिरी यांच्या जागी ओकावा यांनी स्वतः कार्यकारी प्रमुखपद स्वीकारले. त्या वेळी त्यांचे वय ७४ वर्षे होते. सोळा वर्षे पैसा पुरवणारा अध्यक्ष आता थेट कारभार पाहू लागला. ड्रीमकास्ट वाचवण्याचे प्रयत्न तातडीने सोडून देण्यात आले नाहीत. अमेरिकेत सेगानेट ही इंटरनेट सेवा सुरू झाली. तिचे दीर्घ मुदतीचे वर्गणीदार होणाऱ्यांना यंत्राची किंमत परत दिली जात असे. यंत्र फुकट आणि उत्पन्न मासिक वर्गणीतून, अशी ही कल्पना होती. ओकावा यांच्या सेवा-व्यवसायातील अनुभवाशी ती जुळणारीही होती. परंतु दूरध्वनीच्या तारेवरून चालणारे त्या काळचे इंटरनेट तिला पेलणारे नव्हते. सप्टेंबर २००० मध्ये किंमत १४९ डॉलरपर्यंत उतरवूनही वर्षअखेरीस अमेरिकेतील विक्री ५० लाखांच्या उद्दिष्टापासून बरीच दूर, सुमारे ३० लाखांवर राहिली.

ओकावा यांनी मायक्रोसॉफ्टशीही बोलणी केली. ती कंपनी त्या वेळी एक्सबॉक्स हे आपले पहिले कन्सोल तयार करत होती. ड्रीमकास्टचे गेम त्यावर चालावेत, असा ओकावा यांचा प्रयत्न होता. बिल गेट्स यांच्याशी झालेल्या या वाटाघाटींतून काही निष्पन्न झाले नाही.

कंपनीच्या आतही एकवाक्यता नव्हती. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेतील उपकंपनीच्या पीटर मूर आणि चार्ल्स बेलफील्ड या अधिकाऱ्यांनी टोकियोतील बैठकीत कन्सोल व्यवसाय सोडून देण्याची शिफारस केली. ती ऐकून गेम तयार करणाऱ्या विभागांचे प्रमुख बैठकीतून उठून गेले. सेगाच्या यंत्रासाठी गेम बनवणे हा त्यांच्या दृष्टीने केवळ नोकरीचा भाग नव्हता. आजवर ज्या कंपनीशी स्पर्धा केली, तिच्याच यंत्रासाठी काम करण्याची वेळ त्यांच्यावर येणार होती. दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबर २००० रोजी, कंपनीच्या नावातील ‘एंटरप्रायझेस’ हा शब्द काढून टाकण्यात आला.

३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने अधिकृत घोषणा केली. मार्चअखेर ड्रीमकास्टचे उत्पादन थांबणार होते आणि यापुढे कंपनी सोनी, निन्टेन्डो व मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांसाठी गेम काढणार होती. ड्रीमकास्टची एकूण विक्री ९१ लाखांच्या आसपास राहिली. अमेरिकेत उरलेला साठा संपवण्यासाठी किंमत प्रथम १०० डॉलरच्या आत आणि नंतर त्याहूनही खाली आणावी लागली. टोकियोतील जवळपास एक-तृतीयांश कर्मचाऱ्यांना आपली नोकरी गमवावी लागली.

८५ अब्ज येनांची देणगी

कन्सोल व्यवसाय बंद करणे हे तो चालवण्याइतकेच खर्चिक असते. न खपलेल्या यंत्रांचे मूल्य हिशेबातून वजा करावे लागते, आगाऊ मागवलेल्या भागांचे पैसे द्यावे लागतात, अर्धवट राहिलेले प्रकल्प मोडीत काढावे लागतात आणि कर्मचारी कपातीचा भार उचलावा लागतो. हे सारे एकाच आर्थिक वर्षात अंगावर येते. चार वर्षांच्या तोट्याने सेगाचे भांडवल आधीच इतके झिजले होते की, हा शेवटचा फटका तिला एकटीला सोसवला नसता.

घोषणेच्या वेळीच ओकावा यांनी आपल्या मालकीचे सीएसके आणि सेगाचे सुमारे ८५ अब्ज येन किमतीचे समभाग सेगाला देण्याचे ठरवले. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे ६९ कोटी ५० लाख डॉलर होती. कंपनीने त्यांना देणे असलेले कर्जही त्यांनी माफ केले. हा आधार मिळूनही मार्च २००१ अखेरच्या वर्षात सेगाचा निव्वळ तोटा ५१.७ अब्ज येन होता. मार्च १९९८ पासूनच्या चार वर्षांच्या निव्वळ तोट्याची बेरीज सुमारे १७३ अब्ज येन होते. एका व्यक्तीने दिलेले समभाग त्या बेरजेच्या जवळपास निम्मे होते.

या कृतीकडे दोन बाजूंनी पाहता येते. हजारो लोकांची उपजीविका आणि गेम निर्मितीतील मोठा अनुभव तिच्यामुळे वाचला. नंतर सेगाने इतरांच्या यंत्रांसाठी जे गेम काढले, ते याच माणसांचे काम होते. मात्र मालकाचा खिसा खोल असल्यामुळेच कंपनीला एक अप्रिय निर्णय तीन वर्षे पुढे ढकलता आला, असेही म्हणता येईल. बँकांनी किंवा गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला असता तर ड्रीमकास्टची किंमत तोट्यात उतरवण्याची मोकळीक सेगाला मिळाली नसती. ओकावा यांनी स्वतः ज्या खर्चाला तत्त्वतः विरोध केला होता, त्याचा शेवटचा हिशेब त्यांनीच चुकता केला.

सामाजिक कार्य

१९८६ मध्ये ओकावा यांनी माहिती व दूरसंचार क्षेत्रातील संशोधनाला साहाय्य करणारे ओकावा प्रतिष्ठान स्थापन केले. या प्रतिष्ठानतर्फे ओकावा पारितोषिक दिले जाते. भारतात जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांना २००४ मध्ये हे पारितोषिक मिळाले.

मुले आणि संगणक हा त्यांच्या आवडीचा विषय होता. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रुसेल्स येथे जी-७ राष्ट्रांची माहिती समाजाविषयीची परिषद झाली. भावी समाजाचा विचार करायचा तर त्यात मुलांनाही स्थान हवे, असे त्यांनी तेथे सुचवले. त्याच वर्षी टोकियोत पहिली ज्युनियर समिट भरली. दुसरी १९९८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाली. १३९ देशांतील मुले तिच्यात इंटरनेटद्वारे सहभागी झाली होती. त्याच सुमारास त्यांनी या संस्थेच्या मीडिया लॅबला मुलांसाठीच्या संशोधन केंद्राकरिता २ कोटी ७० लाख डॉलरची देणगी दिली.

निधन आणि त्यानंतर

१६ मार्च २००१ रोजी हृदयक्रिया बंद पडल्याने ओकावा यांचे निधन झाले. ड्रीमकास्टचे उत्पादन थांबण्यास तेव्हा दोन आठवडे उरले होते. त्यांच्यानंतर सेगाच्या कन्सोल यंत्रांचे शिल्पकार हिदेकी सातो यांनी कार्यकारी प्रमुखपद सांभाळले. सलग पाच वर्षांच्या तोट्यानंतर मार्च २००३ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सेगाला पुन्हा नफा झाला.

ओकावा यांच्या पश्चात सीएसकेला सेगामध्ये रस उरला नाही. डिसेंबर २००३ मध्ये तिने आपल्याकडील सुमारे २२ टक्के हिस्सा पाचिंको यंत्रे बनवणाऱ्या सामी या कंपनीला ४५.३ अब्ज येनांना विकला. ऑक्टोबर २००४ मध्ये सेगा सामी होल्डिंग्ज अस्तित्वात आली. सीएसके मात्र पुढे स्थावर मालमत्तेशी निगडित गुंतवणुकीत मोठ्या तोट्यात गेली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सुमितोमो समूहातील संगणक-सेवा कंपनीत विलीन झाली. विलीनीकरणानंतरची कंपनी एससीएसके या नावाने ओळखली जाते.